घरचं पाणी, फिल्टर आणि सॉफ्टनर: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

नाशिकमध्ये घरोघरी फिल्टर आणि सॉफ्टनर बसवताना रोज तेच दहा-पंधरा प्रश्न कानावर येतात. फोनवर उत्तर देताना निम्मं सांगायचं राहून जातं, म्हणून इथे निवांत लिहिलंय. वाचून तुमच्या लक्षात आलं की आपल्याला मशीनची गरजच नाही, तर फोन करू नका. आम्हाला राग येणार नाही.

आमच्या घरासाठी कोणतं मशीन चांगलं?

हा प्रश्न आला की आम्ही उलटा प्रश्न विचारतो: पाणी कुठलं येतं?

महापालिकेचं पाणी प्रामुख्याने गंगापूर धरणाचं, जोडीला मुकणे आणि दारणा. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या डोंगरांवर पडलेला पाऊस धरणात साठतो. जमिनीत फार मुरलेला नसतो, म्हणून त्यात क्षार कमी. बोअरचं पाणी वेगळं. आपल्याकडचा काळा पाषाण, त्याच्या भेगांतून ते हळूहळू झिरपत येतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतं.

आता गंमत अशी की पाथर्डी फाटा, इंदिरानगर, आडगाव, म्हसरूळ या बाजूच्या कितीतरी सोसायट्यांत ही दोन्ही पाणी एकाच घरात येतात. स्वयंपाकघरातल्या नळाला महापालिकेचं, बाथरूमला बोअरचं. काही ठिकाणी तर दोन्ही जमिनीखालच्या एकाच टाकीत पडतात आणि किती कुठलं हे वॉचमनलाच ठाऊक. धरणाच्या पाण्यात भीती गढूळपणाची आणि जंतूंची, बोअरच्या पाण्यात क्षारांची. एका मशीनने दोन्ही भागत नाही. त्यामुळे आधी टाकीच्या झाकणापाशी जा, कुठला पाइप कशात पडतो ते बघा आणि मग दुकानात जा.

फिल्टर आणि सॉफ्टनर यांत फरक काय?

फिल्टर पाण्यातली घाण अडवतो. सॉफ्टनर काही अडवत नाही, तो अदलाबदल करतो. त्याच्या टाकीत रेझिनचे बारीक पिवळसर मणी असतात आणि त्यांना सोडियम चिकटलेलं असतं. जड पाणी, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेलं पाणी, त्यातून गेलं की मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे, की पुन्हा तयार. या धुण्याला रिजनरेशन म्हणतात.

शाळेत आपण ‘सुफेन’ आणि ‘दुष्फेन’ पाणी शिकलो होतो, तेच हे. साबणाला फेस येतो ते सुफेन, येत नाही ते दुष्फेन. शब्द परीक्षेनंतर कोणी वापरत नाही, पण आहेत नेमके.

जाता जाता: पाणी मऊ करणारी सुरुवातीची यंत्रं रेझिनची नव्हती, झिओलाइट नावाच्या खनिजावर चालायची. हीच खनिजं आपल्या नाशिक-सिन्नरकडच्या खाणींत दगडाच्या पोकळ्यांमध्ये स्फटिक होऊन बसलेली सापडतात आणि जगभरचे संग्राहक ती घेऊन जातात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात बघायला मिळतात. मुलांना घेऊन जा.

सेल्समनने मीटर लावून दाखवलं, टीडीएस ३५० आहे. आरओ लागेलच ना?

नाही. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून किती आहे, एवढाच अंदाज. मीटर खरं तर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून आकडा दाखवतो. त्यात जंतू दिसत नाहीत. चांगले क्षार कोणते आणि वाईट कोणते, हेही कळत नाही. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, टीडीएस लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्र सरकारला सांगितलं होतं की जिथे टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरओवर बंदी आणा, कारण पाणी फार वाया जातं.

धरणाचं पाणी साधारणपणे या ५०० च्या बरंच आत असतं. अशा घरात आरओ लावणं म्हणजे साध्या सर्दीला सलाइन. तिथे आधी गाळण्याचा कार्ट्रिज, मग कार्बनचा फिल्टर, आणि शेवटी यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) किंवा यूएफ (अतिबारीक छिद्रांची गाळणी) पुरतं.

पण त्याने तारा बुडवल्या आणि आमचं पाणी तपकिरी झालं! डोळ्यांनी बघितलं.

वहिनी, हा प्रयोग आम्हालाही करता येतो, आम्ही तो करत नाही एवढंच. त्या तारा नसतात, लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, पट्टीचा धातू झिजतो आणि त्याचाच गाळ पाण्यात तरंगतो. तो तपकिरी रंग पट्टीचा, तुमच्या पाण्याचा नव्हे. आरओच्या पाण्यात क्षार अगदी कमी, म्हणून वीज नीट वाहत नाही आणि पाणी स्वच्छ दिसतं. त्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर स्वयंपाकाचं मीठ टाका आणि पुन्हा करून दाखव म्हणा. तेही तपकिरी होईल.

मग आरओ घ्यायचा तरी कधी?

पिण्यासाठी बोअर, विहीर किंवा टँकर हाच आधार असेल आणि टीडीएस ५०० च्या वर जात असेल तेव्हा. किंवा तपासणीत नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर, फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर निघालं तेव्हा. दिंडोरी, निफाडकडे मळ्यात राहणाऱ्यांनी नायट्रेट तपासून घ्यावंच. द्राक्षबागांना खत भरपूर पडतं आणि त्यातलं काही खाली विहिरीत उतरतं. नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं. घरात अगदी लहान बाळ असेल आणि त्याला वरचं दूध देत असाल, तर ही तपासणी पुढे ढकलू नका.

आरओचं पाणी किती वाया जातं आणि त्याचं काय करायचं?

घरगुती मशीन साधारणपणे एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर बाहेर टाकतं. घरात रोज १५ लिटर प्यायला-स्वयंपाकाला लागत असेल, तर ४५ लिटर सिंकमध्ये. महिन्याला साडेतेराशे. उन्हाळ्यात पाणीकपात लागली की हा आकडा टोचतो.

ते पाणी बादलीत धरून फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा. झाडांना रोज रोज घालू नका. कुंडीत क्षार साठतात आणि पानांच्या कडा करपतात. एका ताईंनी वर्षभर मोगऱ्याला हेच पाणी घातलं आणि नर्सरीवाल्याशी भांडून आल्या.

बोअरचं पाणी किती जड आहे, घरी कसं कळेल?

पारदर्शक बाटलीत पाणी घ्या, साध्या साबणाचा कीस टाका, झाकण लावून जोरात हलवा. फेस टिकला तर ठीक. फेस न येता दह्यासारखी पांढरी साय तरंगली तर पाणी जड. डिटर्जंट किंवा शांपू वापरू नका, त्यांना जड पाण्यातही फेस येतो.

आकडा हवा असेल तर थेंबांचं टेस्ट किट मिळतं. पाण्यात रंग टाकला की जड पाणी लालसर होतं. मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे आणि निळं होईपर्यंत किती लागले त्यावरून काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा, काढायचं. मानकानुसार २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य, पर्याय नसेल तर ६०० पर्यंत चालतं. हे अर्थात पिण्याचं मानक. गीझरच्या कॉइलला २०० सुद्धा जाचतं.

संपूर्ण तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची किंवा सार्वजनिक आरोग्य विभागाची प्रयोगशाळा आहे, खाजगीही आहेत. जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली लागते, ती तिथूनच घ्या. कोल्ड्रिंकची धुतलेली बाटली नेलीत तर अहवाल पाण्याचा येणार नाही, बाटलीचा येईल.

तपासणी वर्षातून कधी करावी?

दोनदा, मे महिन्यात आणि पावसाळा संपताना. हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका बंगल्याला ऑगस्टमध्ये सॉफ्टनर बसवला. टाकीतलं पाणी तपासलं, त्यानुसार किती दिवसांनी रिजनरेशन करायचं ते ठरवून दिलं. एप्रिलमध्ये काकांचा फोन: नळांवर पुन्हा पांढरं बसतंय, तुमचं मशीन बोगस. जाऊन पाहिलं तर मशीन उत्तम चालू होतं. ऑगस्टमध्ये टाकीत जवळजवळ सगळं महापालिकेचं पाणी होतं, एप्रिलमध्ये निम्म्याहून जास्त बोअरचं. काठिण्य वाढलेलं आणि मी दिलेलं वेळापत्रक पावसाळ्यातलं. काका बरोबर होते, मशीनही बरोबर होतं. चुकलो मी.

सॉफ्टनर केवढा घ्यावा?

हिशेब सोपा आहे, तुम्हीही करू शकता. एक लिटर रेझिन एका खेपेत साधारण ५० ग्रॅम काठिण्य धरतं. २५ लिटर रेझिन म्हणजे १२५० ग्रॅम. पाण्याचं काठिण्य ४०० मिलिग्रॅम असेल, तर सुमारे ३००० लिटर पाणी मऊ होईल. सरकारी आराखड्यात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. चार माणसांच्या घराला ५४० लिटर. म्हणजे पाच-साडेपाच दिवसांनी रिजनरेशन, आणि दर वेळी साधारण तीन किलो मीठ.

हाच हिशेब शॉवरला लावायच्या छोट्या फिल्टरला लावा. त्यात जेमतेम अडीचशे-तीनशे मिलिलिटर माल असतो. तो उत्तम रेझिन आहे असं धरलं तरी १५ ग्रॅम काठिण्य, म्हणजे ३७ लिटर. दोन बादल्या. तिसऱ्या बादलीपासून तुम्ही नुसत्या नळाच्या पाण्याने अंघोळ करताय आणि वर सहा महिन्यांची हमी आहे! त्यातला कार्बन क्लोरीनचा वास कमी करेल, गाळ अडेल, तेवढं मान्य. मऊ पाणी मात्र विसरा.

केस गळतात ते बोअरच्या पाण्यामुळेच ना?

जड पाण्यात साबणाचा चिकट थर केसांवर राहतो, केस राठ होतात, गुंता होतो, तुटतात. हे खरं. मुळापासून गळण्याचं खापर मात्र पाण्यावर फोडण्याआधी डॉक्टरांना दाखवा. सॉफ्टनर विकताना ‘केस परत येतील’ असं आम्ही कोणाला सांगत नाही.

सॉफ्टनर बसवला, तरी टीडीएस तेवढाच. फसवलं का आम्हाला?

हा फोन महिन्यातून एकदा ठरलेला. सॉफ्टनरने टीडीएस कमी होत नाही, कारण एक क्षार जाऊन दुसरा आलेला असतो. आकडा किंचित वाढलेलाही दिसेल. सॉफ्टनर चालतोय का ते बाटलीतल्या साबणाने किंवा थेंबांच्या किटने बघायचं. अंघोळीनंतर अंग बुळबुळीत लागतं, तेही बिघडल्याचं लक्षण नव्हे. मऊ पाण्यात साबण कमी लागतो आणि आपला हात जुन्या सवयीने जास्त लावतो. कपड्यांची पावडरही निम्मी करून बघा.

मऊ केलेलं पाणी प्यायलं तर चालतं का?

आम्ही स्वयंपाकघराचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढतो. कारण सोडियम. दर १ मिलिग्रॅम काठिण्यामागे पाण्यात ०.४६ मिलिग्रॅम सोडियम येतं. ४०० काठिण्याचं पाणी मऊ केलं की लिटरमागे सुमारे १८४ मिलिग्रॅम. तीन लिटर प्यायलात तर साडेपाचशे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून २००० मिलिग्रॅमच्या आत सोडियम घ्यायला सांगते आणि आपल्या लोणची-पापडांत ते आधीच भरलेलं असतं. घरात बीपीचं, किडनीचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर हे गांभीर्याने घ्या.

सॉफ्टनरनंतर आरओ असेल तर प्रश्न नाही. आरओ सोडियमही काढतो, आणि मऊ पाण्यामुळे त्याचा मेंब्रेन (क्षार अडवणारा पडदा) जास्त टिकतो.

डाळ शिजत नाही. हे पाण्यामुळेच?

बहुधा हो. कॅल्शियम डाळीच्या सालीत-पेशीत धरून बसतं आणि ती मऊ होऊ देत नाही. तूरडाळीपेक्षा हरभरा, राजमा जास्त छळतात. स्वयंपाकाला महापालिकेचं पाणी घ्या. ते नसेल तर बोअरचं पाणी आदल्या दिवशी खळखळून उकळून, थंड करून, वरचं निवळलेलं वापरा. उकळल्यावर जडपणाचा एक भाग तळाशी पांढरा होऊन बसतो. सगळा जात नाही, पण डाळीपुरतं बरंच काम होतं.

गीझर दर वर्षी का जातो?

वर सांगितलेलंच गीझरच्या पोटात घडतं. पाणी तापलं की विरघळलेला बायकार्बोनेट फुटतो आणि चुन्यासारखा थर कॉइलवर चढतो. कॉइलची उष्णता पाण्यात जायच्या ऐवजी थरात अडकते, वीज जास्त जाते, शेवटी कॉइल जळते. जितकं जास्त तापवाल तितका थर वेगाने बसतो. थर्मोस्टॅट ५५ अंशांच्या आसपास ठेवा. कडकडीत ७० करून नंतर बादलीत थंड ओतत बसायची आपल्याला खोड आहे, ती सोडली तरी गीझर जास्त चालेल. वर्षातून एकदा मेकॅनिककडून उघडून साफ करून घ्या. स्वतः उघडू नका.

नळ आणि शॉवरच्या जाळीवरचा थर लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून निघतो. मात्र ते पाणी कडप्प्याच्या ओट्यावर, शहाबादीवर किंवा संगमरवरावर सांडू देऊ नका. हे दगड स्वतःच चुन्याचे आहेत. डाग पडला की घासून जात नाही.

पाइपवर लावायचं चुंबक किंवा वायर गुंडाळायचं यंत्र?

आम्ही विकत नाही. पाण्यातलं काठिण्य त्याने कमी होत नाही, हे थेंबांच्या किटने पाच मिनिटांत दिसतं. थर कमी बसतो, असा दावा असतो. त्याला भक्कम आधार आम्हाला दिसलेला नाही.

वॉशिंग मशीनच्या तोंडाशी लावायचं काचेसारख्या गोळ्यांचं कार्ट्रिज मात्र वेगळं. त्यातला फॉस्फेट थर धरायला अडथळा आणतो. पाणी जडच राहतं, पण मशीनला थोडं सुख.

बादलीत पाणी स्वच्छ येतं आणि तासाभराने तांबूस होतं. का?

लोह. जमिनीखाली विरघळलेलं असतं, हवा लागली की गंजतं. आधी लोह काढायचा फिल्टर, मग सॉफ्टनर. उलटं केलंत तर रेझिनवर लोहाचा लेप बसतो आणि मिठाने तो निघत नाही.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं. तुरटी फिरवली की झालं?

तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. निवळलेलं पाणी वरून अलगद काढा, दुहेरी फडक्याने गाळा आणि मग उकळा. खळखळ उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट. यूव्ही असेल तरी गढूळ पाणी थेट त्यात सोडू नका. गाळाच्या कणांच्या सावलीत जंतू लपतात आणि दिवा जळत राहूनही काम होत नाही. आधीचा कार्ट्रिज जून-ऑगस्टमध्ये वेळेआधीच बदलावा लागतो. पांढरा कार्ट्रिज चहाच्या रंगाचा झाला की बदला, तारखेची वाट बघू नका.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गुइलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हापासून ‘जंतूंसाठी आरओ हवाच ना’ हा प्रश्न वाढलाय. जंतूंसाठी उकळणं पुरतं, नीट देखभाल केलेला यूव्हीही पुरतो. त्यापेक्षा गच्चीवरची टाकी शेवटची कधी धुतली ते आठवा.

क्लोरीनचा वास येतो. घातक आहे का?

वास येतोय म्हणजे वाटेत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं औषध शिल्लक आहे. नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम राहावं, असं मानकच सांगतं. भांड्यात थोडा वेळ उघडं ठेवलं की वास जातो. कार्बन फिल्टरमधून आलेल्या पाण्यात ही राखण उरत नाही, म्हणून ते पाणी दोन-दोन दिवस साठवू नका. माठ भरत असाल तर रोज रिकामा करून, घासून भरा.

पूर्ण सोसायटीसाठी एकच सॉफ्टनर बसवावा का?

बोअरची लाइन वेगळी असेल तर जरूर. प्रत्येक फ्लॅटपेक्षा ते स्वस्त पडतं आणि गच्चीपासूनचे पाइपही वाचतात. पण मीटिंगमध्ये दोन गोष्टी आधीच ठरवा. पहिली, मिठाची गोणी कोण ओतणार. यंत्र उत्तम आणि सहा महिने मीठच नाही, असे प्लांट आम्ही भरपूर बघितलेत. वॉचमन बदलला की ज्ञानही त्याच्याबरोबर जातं, म्हणून व्हॉल्व कोणत्या क्रमाने फिरवायचा ते मराठीत लिहून भिंतीवर लावा. मीठ स्वच्छ, मोठ्या दाण्याचं आणि आयोडिन नसलेलं घ्या. मातकट खडेमीठ स्वस्त पडतं आणि मग टाकीच्या तळाला चिखल होतो.

दुसरी, धुतल्यावरचं खारट पाणी कुठे सोडणार. ड्रेनेजमध्येच सोडा. बागेत नको, आणि पावसाचं पाणी जिरवायच्या शोषखड्ड्यात तर मुळीच नको. एका इमारतीत प्लंबरने जवळचा पाइप म्हणून नेमका तोच जोडला होता. वर मऊ करायचं आणि खाली आपल्याच बोअरला खारट पाणी पाजायचं.

दर काय?

इथे लिहिले तर महिन्याभरात जुने होतात. मशीनच्या किमतीबरोबर पुढच्या तीन वर्षांचे कार्ट्रिज, मेंब्रेन, दिवा आणि मीठ यांचा खर्च कागदावर मागा. कोणाकडूनही घ्या, पण हा कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

दिवाळीत पंधरा दिवस गावी जातोय. मशीनचं काय करू?

नळ मशीनच्या आधीच बंद करा, प्लग काढा, आरओची साठवण टाकी रिकामी करा. सॉफ्टनर असेल तर निघायच्या आदल्या रात्री रिजनरेशन करून बायपासवर टाका. परत आल्यावर पहिल्या दोन टाक्या पाणी पिऊ नका. फरशी पुसायला ठेवा, तशीही पंधरा दिवसांची धूळ साचलेली असेलच.